बेचाळीस मीटरवरची संध्याकाळ

सुरत म्हटले की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, शिवाजीमहाराजांची स्वारी; दुसरी, 1907 सालच्या काँग्रेसच्या मंडपात व्यासपीठाकडे भिरकावलेला मराठी जोडा. पहिलीचा आपल्याला अभिमान वाटतो, दुसरीचे गालातल्या गालात हसू येते. पस्तीस वर्षे या गावात मराठी शिकवल्यावर मला या यादीत तिसरी गोष्ट घालावीशी वाटते. सुरतेहून निघून ओलपाड तालुक्यात शिरले की सरस नावाचे एक गाव लागते. तिथे 25 मार्च 1920 रोजी एक मुलगी जन्मली आणि बावीस वर्षांनी, ऐन महायुद्धात, तिने इंग्रज सरकारला आकाशात गाठले. उषा मेहता तिचे नाव. सुरतेत उषाबेन म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.

हे छोटे पुस्तक त्यांचे चरित्र नव्हे. रेडिओच्या लढाईतल्या एका दिवसाची ही हकीकत आहे आणि तो दिवस आहे गुरुवार, 12 नोव्हेंबर 1942. प्रकरणे त्या दिवसाच्या तासांप्रमाणे लावली आहेत. कधी आपण मुंबईत गिरगावात असतो, कधी लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, आणि मधेमधे सुरतेत किंवा खानदेशात कुणाच्या तरी दिवाणखान्यात, रेडिओची खुंटी पिळत. हाच दिवस का, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

युद्धकाळातली लंडनची नभोवाणी म्हटली की ठरावीक चित्रे डोळ्यांपुढे येतात. 15 ऑक्टोबर 1940 च्या रात्री बीबीसीच्या इमारतीवर बॉम्ब पडला, सात माणसे गेली, आणि वृत्तनिवेदक ब्रूस बेलफ्रेजने बातम्या वाचणे थांबवले नाही. शत्रूने खोट्या आवाजात बातम्या घुसवू नयेत म्हणून निवेदक स्वतःचे नाव सांगून वाचू लागले. हे सारे खरे आहे आणि त्याचे कौतुकही रास्त आहे. पण बीबीसीचा एक दुसरा, कमी ज्ञात कारखानाही होता, बेचाळीस साली ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून चालणारा. त्याचे नाव पूर्व विभाग. 11 मे 1940 रोजी हिंदुस्तानी भाषेतले प्रक्षेपण सुरू झाले, झुल्फिकार अली बुखारी यांच्या देखरेखीखाली. पुढे बंगाली, तमिळ, गुजराती आणि मराठी बातमीपत्रेही आली. आठवड्याचे मराठी बातमीपत्र लंडनहून निघे आणि त्याचा इंग्रजी मजकूर लिहीत असे एरिक ब्लेअर, म्हणजे जॉर्ज ऑर्वेल. बिहारात मोतीहारीला जन्मलेला, ब्रह्मदेशात पोलिसाची नोकरी सोडून आलेला, साम्राज्यावर उघड टीका करणारा हा माणूस ऑगस्ट 1941 पासून साम्राज्याच्याच रेडिओवर पगारी नोकर होता. त्याच्या इंग्रजीचे मराठी करण्याचे काम एम. आर. कोठारी आणि वेणू चितळे यांच्याकडे. गुजरातीसाठी आर. आर. देसाई वेल्समधल्या ॲबरिस्टविथहून गाडीने लंडनला येत.

वेणूताईंबद्दल मराठीत फार कमी लिहिले गेले आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. 1912 चा जन्म, कोल्हापूरकडच्या, शिक्षण पुण्या-मुंबईत, विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात त्या विलायतेला गेल्या, युद्ध सुरू झाल्यावर तिथेच राहिल्या आणि 1940 मध्ये बीबीसीत दाखल झाल्या. नऊवारीत वावरणाऱ्या पिढीची ही लेक लंडनच्या स्टुडिओत बातम्या वाचत होती, साहित्यावरच्या कार्यक्रमांत भाग घेत होती आणि रेशनच्या दिवसांत मटणाला पर्याय शोधणाऱ्या इंग्रज गृहिणींना शाकाहारी हिंदुस्तानी पदार्थही सांगत होती. डिसेंबर 1942 मध्ये काढलेले एक प्रसिद्ध छायाचित्र आहे: टी. एस. एलियट बसलेले, मागे ऑर्वेल, सोबत मुल्कराज आनंद, विल्यम एम्प्सन. आणि त्या घोळक्यात साडीतल्या वेणूताई. भारतात परतल्यावर त्यांनी ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली, 1950 मध्ये ती प्रसिद्ध झाली. पुण्याच्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्या तिच्यात आहेत. आपल्याकडच्या वाचकाला एलियट ओळखता येतो, त्याच छायाचित्रातली ही बाई ओळखता येत नाही.

आता मुंबईकडे. 8 ऑगस्टला गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी पुढारी गजाआड गेले. गांधीजी पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये, बाकीचे अहमदनगरच्या किल्ल्यात. वर्तमानपत्रांवर इतकी बंधने आली की काहींनी अंक काढणेच थांबवले. बातमी हवी तर उरले काय? सरकारी रेडिओ, लंडनचा रेडिओ आणि चोरून ऐकायचा बर्लिनचा, जिथून फेब्रुवारीपासून सुभाषबाबू बोलत होते. हेच सुभाषबाबू चार वर्षांपूर्वी, 1938 साली, आमच्या या जिल्ह्यात तापीकाठी हरिपुऱ्याला काँग्रेसचे अध्यक्ष होते.

बर्लिन आणि लंडन दोन्ही दूर. मुंबईच्या पोटातूनच आवाज निघाला पाहिजे, हे विल्सन कॉलेजमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेल्या आणि कायद्याचा अभ्यास अर्धवट टाकून चळवळीत आलेल्या मुलीला सुचले. तिचे वडील न्यायाधीश होते, सरकारी नोकरीतले. घरात अवघडलेपण किती असेल याची कल्पना करा. ‘सायमन परत जा’ म्हणत फिरली तेव्हा ती आठ वर्षांची होती. पुढे मुलांच्या मिरवणुकीत पोलिसांच्या लाठीने झेंडा खाली पडला, तर मुलांनी झेंड्याच्या रंगांचे कपडेच शिवून घेतले. आता झेंडा पाडायचा तर पोरे पाडावी लागतील. रेडिओची कल्पना मला त्याच हिकमतीची मोठी आवृत्ती वाटते.

यंत्र कुठून आणायचे? युद्ध लागताच सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द केले होते. नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने सुटे भाग जमवून ट्रान्समीटर उभा केला. काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवणाऱ्या शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांच्याकडून सामान मिळाले. बाबुभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी हे सोबती. 27 ऑगस्टला पहिले प्रक्षेपण झाले. 42.34 मीटरवरून हा काँग्रेस रेडिओ बोलतो आहे, हिंदुस्तानातल्या कुठल्याशा जागेवरून, अशी घोषणा उषाबेन इंग्रजीत करीत. त्या ‘कुठल्याशा’ शब्दातच सारा खेळ होता. चौपाटीवरची सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, महालक्ष्मीजवळचा पॅरडाइज बंगला, गिरगावातली पारेखवाडी. बिऱ्हाड हलवावे तसा ट्रान्समीटर हलत होता, मागे लहरींचा माग काढणाऱ्या पोलिसांच्या गाड्या. आधीच वेगळ्या जागी तबकडीवर बोलणे भरायचे, मग ती तबकडी लपवून ट्रान्समीटरच्या जागी न्यायची. सुरुवातीला दिवसातून दोनदा, पुढे एकदाच, संध्याकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान. आरंभी ‘हिंदोस्ताँ हमारा’, शेवटी ‘वंदे मातरम्’. राममनोहर लोहिया यांच्यासारखे भूमिगत पुढारी त्यासाठी लिहीत, बोलत. सरकारी ऑल इंडिया रेडिओला या मंडळींनी ‘अँटी इंडिया रेडिओ’ असे नाव ठेवले होते.

सारे मिळून अठ्ठ्याहत्तर दिवस. संख्या म्हणून अगदीच थोडी. आणि खरे सांगायचे तर या केंद्राचे महत्त्व आपण भलत्याच ठिकाणी शोधतो. 2024 मध्ये उषाबेनवर ‘ऐ वतन मेरे वतन’ हा हिंदी चित्रपट आला. त्यात धावपळ आहे, पाठलाग आहे. पण छोट्या घरगुती ट्रान्समीटरचा आवाज पोचून पोचणार किती दूर? त्याने साम्राज्य हलले असे म्हणणे म्हणजे भाबडेपणा. घोषणाबाजीही त्यात होती, अतिशयोक्तीही होती. मग उरते काय? माझ्या मते, चिमूर.

16 ऑगस्ट 1942 रोजी त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला लोकांचा उद्रेक झाला. सरकारी अंमलदार आणि पोलीस मारले गेले. त्यानंतर चिमुरात फौज शिरली आणि तिथल्या बायकांवर जे अत्याचार झाले त्यांची बातमी छापण्याची सोय देशात उरली नव्हती. सेवाग्रामचे प्रा. भणसाळी यांनी चौकशीसाठी 63 दिवस उपोषण केले, तर त्या उपोषणाच्या बातमीवरही बंदी आली. काँग्रेस रेडिओने आष्टी-चिमूरची हकीकत तपशिलाने सांगितली. चितगावावरचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियाची हकीकत हीही पहिल्यांदा आपणच दिली, असे उषाबेननी पुढे सांगितले. या बातम्यांसाठी माणसे धावत होती, चिठ्ठ्या आणत होती. प्रचार सगळेच करीत होते, बर्लिनही करीत होते, लंडनही. पण नागपूरकडच्या एका खेड्यातल्या बाईचे काय झाले हे सांगणारा आवाज मुंबईतल्या एका भाड्याच्या खोलीतून आला, ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून आला नाही. म्हणून अठ्ठ्याहत्तर दिवस पुरतात.

ऑर्वेलला हे कळत नव्हते असे नाही. 10 ऑगस्टला त्याने डायरीत नेहरू-गांधींच्या अटकेची नोंद केली आणि भारतमंत्री ॲमरीच्या भाषणाला नावे ठेवली. ते भाषण लंडनहून प्रसारित झाले, ऑल इंडिया रेडिओने पुन्हा ऐकवले. जर्मनांनी मात्र ते दाबून टाकण्याचा आटोकाट प्रयत्न केला, आणि ऑर्वेलला वाईट वाटले की त्यांना ते जमले नाही. ॲमरीने काँग्रेसवाले तारा तोडणार, रूळ उखडणार असे आरोप केले होते. चळवळीतल्या जुन्या मंडळींकडून पुढे ऐकू आले की, वर कुणी पुढारी उरला नसताना गावोगावच्या पोरांना कार्यक्रम मिळाला तो या भाषणातूनच. शत्रूच्या रेडिओने आपला कार्यक्रम वाचून दाखवावा, यापेक्षा मोठी थट्टा कोणती?

आता 12 नोव्हेंबर. दिवाळी नुकतीच सरली होती. लंडनमध्ये तीन वर्षांत नव्हता एवढा उत्साह. एल अलामेनला रोमेल मागे हटला होता, 8 तारखेला अमेरिकी-इंग्रज फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या होत्या, विजयाप्रीत्यर्थ चर्चच्या घंटा वाजवण्याची तयारी चालली होती. आणि 10 तारखेला चर्चिल यांनी मॅन्शन हाउसच्या मेजवानीत बजावून टाकले होते की साम्राज्य मोडीत काढायला आपण पंतप्रधान झालेलो नाही. ही वाक्येही लहरींवरून इकडे आली. त्याच नोव्हेंबरात ऑर्वेलने आपले इंग्रजी बातमीपत्र स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. हिंदुस्तानातल्या वाचकांत आपल्या पुस्तकांची पत आहे, तिचा काही उपयोग झाला तर पाहू, असा त्यात हेतू. चर्चिलच्या त्या भाषणानंतर कसला होणार?

मुंबईत त्या दिवशी बाबुभाईंच्या कचेरीवर पोलिसांची धाड पडली होती. उषाबेन तिथून निसटल्या आणि तबकडी भरण्याच्या जागी जाऊन लोहिया व इतरांना सावध केले. तिथेच थांबल्या असत्या तर वाचल्या असत्या. पण संध्याकाळचे प्रक्षेपण व्हायचे होते. त्या चंद्रकांत झवेरींना घेऊन पारेखवाडीत गेल्या. गिरगावातल्या भोवतालच्या बिऱ्हाडांत तेव्हा दिवे लागले असतील, देवापुढे शुभंकरोती चालली असेल. लंडनमध्ये दुपार होती. शेवटची ‘वंदे मातरम्’ची तबकडी फिरत असताना दारावर धक्के बसू लागले. एकामागून एक दारे फोडून पोलीस उपायुक्त आत आले, सोबत लष्करी तंत्रज्ञ आणि पन्नासेक शिपाई. तबकडी बंद करण्याचा हुकूम झाला. उषाबेननी तो मानला नाही. तेवढ्यात फ्यूज उडून अंधार झाला आणि पंचनाम्यासाठी कंदील आणावा लागला. ज्याने यंत्र उभे केले त्याच तंत्रज्ञाने पोलिसांना जागा दाखवली होती.

पुढचे महिने चौकशीचे. सोबत्यांची नावे सांग, परदेशी शिकायला पाठवतो, असे आमिषही दाखवून झाले. खटल्यात उत्तरे देणे बंधनकारक आहे का, एवढे त्यांनी न्यायाधीशांना विचारले. नाही म्हटल्यावर शेवटपर्यंत एका प्रश्नाचे उत्तर दिले नाही. 1943 मध्ये खास न्यायालयाने बाबुभाईंना पाच वर्षांची, उषाबेनना चार वर्षांची, चंद्रकांत झवेरींना एका वर्षाची शिक्षा दिली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने सुटले. 1946 मध्ये उषाबेन येरवड्याहून बाहेर आल्या, गांधीविचारावर पीएच.डी. केली, मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवले आणि गांधीजींचे स्मारक असलेले मणिभवन सांभाळले. 1998 मध्ये पद्मविभूषण, 11 ऑगस्ट 2000 रोजी निधन. हा भाग येथे धावता दिला. पुस्तकाच्या शेवटी सविस्तर आहे.

लिहिताना एका गोष्टीने मला सतत अस्वस्थ केले. काँग्रेस रेडिओवर काय बोलले गेले हे आपल्याला कळते ते पोलिसांमुळे. सरकारी माणसे रोज संध्याकाळी कानाला यंत्र लावून शब्द अन् शब्द टिपून घेत होती. उषाबेनचे इतके निष्ठावान श्रोते दुसरे कोणी नसतील! लंडनचीही तीच गत. बीबीसीतल्या संहितेचे प्रत्येक पान सुरक्षा आणि धोरण अशा दोन चाळण्यांतून जाई, आणि प्रक्षेपण चालू असताना बटणावर बोट ठेवून एक माणूस बसलेला असे, वाचणारा संहितेबाहेर गेला की आवाज तोडायला. तपासनिसांचे शिक्के असलेले हे कागद दप्तरात पडून राहिले आणि 1985 मध्ये ऑर्वेलची युद्धकाळातली भाषणे पुस्तकरूपाने आली. दोन वर्षे रेडिओवर काम केलेल्या या माणसाच्या आवाजाची एकही तबकडी उरलेली नाही. राहिले ते शिक्के. दोन्ही बाजूंचे आकाशातले शब्द आपल्यापर्यंत पोचले ते पहारेकऱ्यांच्या कानांतून.

आणि ऐकणारे? 1942 मध्येच बीबीसीने लॉरेन्स ब्रँडर या अधिकाऱ्याला हिंदुस्तानात श्रोते शोधायला पाठवले. लंडनचे कार्यक्रम ऐकणारे फारसे सापडत नाहीत, असा त्याच्या अहवालाचा सूर. सप्टेंबर 1943 मध्ये ऑर्वेलने राजीनामा दिला. आपण आपला वेळ आणि सरकारचा पैसा वाया घालवत आहोत असे त्याचे मत झाले होते. वेणूताईंचे मराठी किती घरांत पोचले असेल? तरीही मी त्यांना फितूर वगैरे म्हणणार नाही. नाझींविरुद्धची लढाई खरी होती, लंडनवर पडणारे बॉम्ब खरे होते, आणि आफ्रिकेतल्या विजयाची बातमी मराठीत सांगणे हे काही पाप नव्हे. फरक एवढाच की त्यांना अर्धीच बातमी सांगता येत होती. उरलेली अर्धी सांगणारी मुलगी तेव्हा कोठडीत होती.

माझे आजोबा पारोळ्याचे. गावात रेडिओ होता एका सावकाराकडे. बेचाळीस साली आपण तिथे अंगणात बसून काँग्रेसचा गुप्त रेडिओ ऐकला, असे ते मरेपर्यंत सांगत. लहानपणी आम्ही भारावून ऐकायचो. आता मला वाटते की त्यांनी बहुधा बर्लिन ऐकले असावे; मुंबईच्या त्या ट्रान्समीटरचा आवाज खानदेशात खरखरीतून ओळखता येणे अवघडच. पण त्यांना जे ऐकायचे होते ते त्यांनी ऐकले. सुरतेत पुढे लूमवर राबायला आलेल्या, लिंबायत-उधन्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या खानदेशी माणसांच्या घरांत अशा आठवणी अजून आहेत. गुजराती शेजाऱ्यांकडेही आहेत. मी त्यांतल्या काही ऐकल्या आणि जमल्या तितक्या पडताळून पुस्तकात घातल्या. बोलणाऱ्यांचा इतिहास आहे, लिहिणाऱ्यांचा आहे, पाळत ठेवणाऱ्यांचा तर फायलीच्या फायली भरून आहे. खुंटी फिरवणाऱ्याचा कागद कुठेही नाही.

तेव्हा वाचकांना एक विनंती. घरात नव्वदी ओलांडलेले कुणी असेल तर त्यांना विचारा, बेचाळीस साली रेडिओ कुणाकडे होता, कोण कोण जमायचे, आवाज हळू करायला कुणी सांगितले होते. माळ्यावरच्या ट्रंकेत त्या काळचे रेडिओच्या परवान्याचे पुस्तक किंवा बातम्या उतरवून घेतलेली वही सापडली तर रद्दीत घालू नका. ऐकलेले चुकीचे निघाले तरी चालेल, माझ्या आजोबांचेही बहुधा चुकीचेच होते. तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचे वय घालून लिहून ठेवा आणि जमले तर मला पाठवा. दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण तुमचे असेल.